पाटबंधारे खात्यातले मामा आणि एव्हरग्लेड्सची एअरबोट

एव्हरग्लेड्स, म्हणजे दक्षिण फ्लोरिडातला पाण्यात उभ्या गवताचा अफाट मुलूख, बघायचं तर डिसेंबर ते एप्रिल या दिवसांतच बघावं. मायामीत आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते. मे ते ऑक्टोबर इथला पावसाळा. तेव्हा पाणी चहूकडे पसरतं, मासे पांगतात, माशांमागे पक्षी पांगतात, आणि डास तर उभं राहू देत नाहीत. हिवाळ्यात पाणी ओसरत जातं आणि उरलेल्या खोलगट जागांभोवती सगळे गोळा होतात. माझे मामा-मामी सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीहून आले ते नेमके फेब्रुवारीत, त्यामुळे बेत लगेच ठरला.

मामींनी आधी नाक मुरडलं. "मगरी बघायला अमेरिकेत कशाला यायचं? आमच्याकडं घाटावरनं दिसतात की." खोटं नाही ते. कृष्णेच्या त्या पट्ट्यात, भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळकडे, थंडीत नदीकाठच्या मळीवर ऊन खात पडलेल्या मगरी बघतच ही माणसं मोठी झाली. मामांचं लक्ष मात्र मगरीपेक्षा एअरबोटीकडे होतं, मागच्या मोठ्या पंख्याच्या वाऱ्यावर चालणाऱ्या बोटीकडे. उभी हयात पाटबंधारे खात्यात गेलेली. "पंखा पाण्याच्या वर असतो म्हणतेस? मग किती पाण्यात चालते ती?" घोटाभर पाण्यातही चालते म्हटल्यावर त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही.

तिकीट काढताना दोन गोष्टी बघायच्या. मोठ्या बोटीत वीस-पंचवीस जण बसतात. ती स्वस्त पडते, पण तिची वाट ठरलेली असते आणि ती फार वेळ कुठे थांबत नाही. सहा जणांची छोटी बोट महाग, पण कॅप्टनशी बोलता येतं, प्रश्न विचारता येतात, "जरा थांबा" म्हणता येतं. घरात ज्येष्ठ माणसं किंवा पक्ष्यांचं वेड असलेलं कुणी असेल तर पैसे मोजून छोटीच घ्यावी. दुसरं म्हणजे सकाळची पहिली फेरी. दुपारपर्यंत बोटींची ये-जा इतकी वाढते की पक्षी आत सरकतात.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. एव्हरग्लेड्सचं राष्ट्रीय उद्यान १९४७ सालचं, पण त्यात एअरबोट जवळजवळ कुठेच चालत नाही. १९८९ च्या कायद्यानं उद्यानाला पूर्वेकडचा जो पट्टा जोडला गेला, तिथे आधीपासून बोटी चालवणारे होते. त्यांना परवानगी राहिली, ती तेवढ्याच पट्ट्यात. बाकी सगळं उद्यान या यंत्राच्या आवाजापासून मोकळं ठेवलंय, आणि ते योग्यच आहे.

मायामीहून पश्चिमेला निघालं की शहर एकदम संपतं. क्रोम अव्हेन्यूचा सिग्नल ओलांडला आणि समोर सरळसोट रस्ता, टमायामी ट्रेल. डाव्या हाताला क्षितिजापर्यंत गवत, उजव्या हाताला रस्त्याला लागून कालवा. मामांनी खिडकीची काच खाली केली.

"हा कालवा कशाचा गं?"

"रस्त्याचाच, मामा. रस्त्याचा भराव करायला इथूनच माती काढली."

"आणि पाणी कुठून कुठं जातंय?"

"उत्तरेकडून दक्षिणेला."

त्यांनी रस्त्याकडे बघितलं, पुन्हा कालव्याकडे बघितलं. "म्हणजे हा रस्ता आडवा बांध झाला की."

नेमकं तेच झालंय. हा रस्ता १९२८ साली खुला झाला. त्याआधी उत्तरेच्या किसिमी नदीचं पाणी ओकीचोबी तलावात यायचं आणि तलाव भरला की काठावरून सांडून दक्षिणेला समुद्राकडे निघायचं. ते एका पात्रातून जात नसे. काही ठिकाणी साठ मैलांपर्यंत रुंद आणि जेमतेम गुडघाभर खोल असं ते पसरून वाहायचं, मैलाला दोन इंच उतारावरून. मामांनी मैलाला दोन इंच हे दोनदा विचारून घेतलं. पाट खोदताना त्यांनी आयुष्यभर उतार मोजले होते. इतक्या कमी उतारावर पाणी वाहतं हे त्यांना आधी पटेना. तर या वाहत्या पाण्यात हा भराव घातला आणि खाली मोऱ्या ठेवल्या. पण मोऱ्यांतून जाणारं पाणी म्हणजे पसरून वाहणारं पाणी नव्हे. शेवटी चूक कळली आणि रस्ताच उचलायला घेतला. २०१३ मध्ये पहिला मैलभराचा पूल झाला, पुढे आणखी पूल झाले. आम्ही त्यांच्यावरूनच गेलो. पाणी खालून मोकळं जाताना दिसत होतं आणि मामा मान मागे वळवून बघत राहिले.

धक्क्यावर पोचल्यावर आधी सूचना. टोपी काढून ठेवा किंवा बांधून घ्या, गॉगल लावा, मोबाइल हातात सैल धरू नका. मामींची ओढणी बघून तिथल्या मुलीनं ती कमरेला घट्ट गुंडाळून गाठ मारायला लावली. पंख्याभोवती जाळीचा पिंजरा असतो, तरी मोकळं कापड चालत नाही. मग कानात घालायला फोमचे बोळे मिळाले. ते नीट बसवावेत. विमानाचं नाहीतर मोठ्या गाडीचं इंजिन आपल्या पाठीशी काही फुटांवर असतं.

बोट म्हणजे सपाट तळाचा ॲल्युमिनियमचा तराफा. पुढे बाकडी, मागे उंचावर कॅप्टनची खुर्ची, तिच्यामागे इंजिन आणि पंखा, पंख्यामागे दोन उभ्या पात्या. डाव्या हाताशी दांडा असतो; तो पुढेमागे केला की पात्या वळतात, वारा वळतो, बोट वळते. ब्रेक नाही, मागे घेण्याची सोय नाही. वेग कमी केला की पाणीच तिला थांबवतं. पाण्याखाली काहीही फिरत नसल्यामुळे ना गवत अडकतं, ना एखादं कासव कापलं जातं. मामांनी निघायच्या आधी हे सगळं कॅप्टनकडून समजून घेतलं. त्यानंही न कंटाळता सांगितलं. साठीकडे झुकलेला, उन्हानं रापलेला माणूस, लहानपणापासून याच पाण्यात वावरलेला.

पहिली पाच मिनिटं धक्क्याजवळच्या पाणवाटेनं हळू गेलो. तिथेच पानांवरून तुरुतुरु चालत एक जांभळी पाणकोंबडी पार बोटीजवळ आली. आपल्याकडच्या पाणकोंबडीच्याच कुळातली, पण लहान चणीची. अंगावर निळ्या-जांभळ्या रंगाची झळाळी, चोच लाल आणि टोकाला पिवळी, पाय हळदीसारखे पिवळे. बोटं इतकी लांब की पिवळ्या कमळाच्या पानावर तिचं वजन पसरतं आणि पान बुडत नाही. मामी तिथेच जिंकल्या गेल्या.

मग कॅप्टननं वेग वाढवला. त्याचं वर्णन फार करत नाही. वारा तोंडावर आदळतो, गवताची भिंत समोरून येते आणि आता आपटणार असं वाटतानाच बोट तिच्यावरून सरकून जाते. वळणावर ती आडवी घसरते आणि पाण्याचा फवारा अंगावर येतो. मुलांना हे फार आवडतं, मामींनाही आवडलं.

पण बघण्यासारखं जे काही होतं ते इंजिन बंद केल्यावर. पहिल्यांदा थांबलो ते नुसत्या गवतात. कॅप्टननं एक पातं पुढे ओढून मामांना म्हटलं, खालून वर बोट फिरवा. फिरलं. आता वरून खाली, अगदी हळू. मामांनी लगेच हात मागे घेतला. पात्याच्या दोन्ही कडांना आणि मधल्या शिरेला करवतीसारखे बारीक काचेरी दात. सॉग्रास म्हणतात याला. दिसायला गवत, पण कूळ आपल्या नागरमोथ्याचं. मैलोन् मैल हेच. त्याच्या देठावर पाण्याच्या वर वीतभर उंचीवर गुलाबी मण्यांचा घोस चिकटलेला होता. मामींना ती फुलं वाटली. ती गोगलगायीची अंडी होती, ॲपल स्नेलची. गुलाबी अंडी परक्या, बाहेरून आलेल्या जातीची. इथल्या मूळ जातीची अंडी पांढरट, आकारानं मोठी आणि संख्येनं कमी असतात. या गोगलगायींवरच जगणारी एक घार आहे, स्नेल काइट. तिची चोच शंखातून मांस ओढून काढण्यासाठी आकड्यासारखी वाकलेली असते.

कॅप्टननं पाण्यात हात घालून पिवळसर, स्पंजासारखा गोळा वर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. ओलसर, हलका, बोटांनी दाबला की पाणी सुटतं. शेवाळं आणि सूक्ष्मजीव यांची ही साय, पेरिफायटन. गोगलगायी, झिंगे, बारके मासे हे खातात. त्यांना बगळे खातात. मोठ्या माशांना मगरी खातात. पाणी आटलं तरी हा थर ओल धरून ठेवतो. शेतातल्या खताचं फॉस्फरस पाण्यातून आलं की मात्र हाच थर आधी मरतो आणि सॉग्रासच्या जागी पाणकणीस माजतं. हे ऐकल्यावर मामा म्हणाले, "तलावाखाली ऊस असणार." आहेच. ओकीचोबीच्या दक्षिणेला उसाचेच मळे आहेत. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला ते सांगावं लागलं नाही.

पहिली ॲलिगेटर, म्हणजे इथली मगर, दिसली ती मामींना. आम्ही सगळे लांब बघत होतो आणि ती बोटीपासून दोन हातांवर, कमळाच्या पानांत. नाकपुड्या आणि डोळे एवढंच पाण्याच्या वर. मग पाठीवरचे खवले हळूहळू वर आले. काळीकुट्ट, आठेक फूट. मामा वाकून बघत होते. "तोंड आपल्या कृष्णेतल्यासारखंच की, रुंद." हे त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. जगातल्या क्रोकोडाइल जातींत आपल्या मगरीचा जबडा सर्वांत रुंद, म्हणून ती ॲलिगेटरसारखी दिसते. फरक दातात. तोंड मिटल्यावर आपल्या मगरीचा खालचा चौथा दात बाहेर दिसत राहतो, ॲलिगेटरचा वरच्या जबड्याआड झाकला जातो. कॅप्टननं हे सांगितलं तेव्हा ती आमच्याकडे तोंड करून होती. मिटलेल्या तोंडाबाहेर नुसते वरचे दात. दक्षिण फ्लोरिडात ॲलिगेटर आणि क्रोकोडाइल दोन्ही एकाच मुलखात नांदतात. असं ठिकाण जगात दुसरं नाही. पण क्रोकोडाइल खाऱ्या पाण्याजवळ, समुद्राच्या बाजूला. या गवतात ॲलिगेटरच.

पुढे एका खोलगट डोहाशी थांबलो. कोरड्या दिवसांत ॲलिगेटर पायांनी आणि शेपटीनं चिखल उपसते, झाडोरा बाजूला करते आणि स्वतःपुरता खड्डा राखते. आजूबाजूचं पाणी आटलं की मासे, कासवं, बेडूक सगळे त्याच खड्ड्यात येतात आणि त्यांच्यामागे पक्षी. म्हणजे जी सगळ्यांना खाते तिच्याच जिवावर सगळे कोरडे दिवस काढतात. मामा म्हणाले, "शेततळंच की हे, विनाअनुदान." डोहाच्या काठी पांढरे बगळे ओळीनं उभे होते आणि वाळक्या फांदीवर पंख पसरून एक ॲनहिंगा, आपल्या तिरंदाजाचा सख्खा भाऊ. त्याचे पंख पाण्यात भिजतात, म्हणून बुडी मारून मासा भोसकला की असं वाळत बसावं लागतं.

त्याच डोहाच्या कडेला पिल्लं होती. वीतभर लांबीची, काळ्या अंगावर पिवळे पट्टे. मोजायला गेलं की हलायची. मधूनच घशातून बारीक आवाज काढत होती. कॅप्टननं बोट लांबच ठेवली, कारण आई जवळपास असणारच. होतीही, गवतात अर्धी लपलेली. पिल्लं वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, आईच्या पहाऱ्यात राहतात. अंड्यातून नर निघणार की मादी हे घरट्याच्या उष्णतेवर ठरतं: ३० अंशांच्या आत माद्या, ३३ च्या आसपास नर. मामी बराच वेळ त्या आईकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "यांना काही खायला घालत नाहीत का?" नाही. फ्लोरिडात ॲलिगेटरला खायला घालणं गुन्हा आहे. माणूस म्हणजे अन्न हे एकदा तिला कळलं की ती माणसाजवळ येते, आणि मग तिला मारावं लागतं. शिकारीमुळे ही जात इतकी घटली होती की १९६७ मध्ये ती धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत गेली. संरक्षण मिळालं आणि १९८७ मध्ये ती यादीतून बाहेर आली. कायदा पाळला की जनावर परत येतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

तासाभरात आम्ही परत धक्क्यावर होतो. अशा ठिकाणी बरेचदा लहान ॲलिगेटर हातात घेऊन फोटो काढण्याचा कार्यक्रम असतो. आम्ही तो केला नाही. तोंडाला पट्टी बांधलेलं पिल्लू दिवसभर या हातातून त्या हातात फिरतं, आणि नुकतीच पाहिलेली ती आई डोळ्यांसमोर होती.

एअरबोट एवढ्यावर पुरे. माझं मत असं, की अर्धा दिवस बोटीला देऊन परत जाणं म्हणजे एव्हरग्लेड्स निम्मंच बघणं. त्याच रस्त्यानं पुढे गेलं की राष्ट्रीय उद्यानाचा शार्क व्हॅली हा भाग लागतो. वाटेत मिकोसुकी लोकांची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकातल्या युद्धांत अमेरिकी सैन्यापासून वाचण्यासाठी त्यांचे पूर्वज या पाण्यात शिरले आणि झाडांच्या बेटांवर राहिले. १९६२ मध्ये सरकारनं त्यांना स्वतंत्र जमात म्हणून मान्यता दिली. त्यांची चिकी नावाची घरं रस्त्यावरून दिसतात: सायप्रसचे खांब, वर पामच्या झावळ्यांचं शाकारलेलं छप्पर, भिंती नाहीत, जमीन उचललेली. "वारा आरपार, आणि पूर आला तरी खालनं जाईल," मामी म्हणाल्या. २०१९ च्या पुरात त्यांच्या स्वयंपाकघरात छातीइतकं पाणी होतं.

शार्क व्हॅलीत पोळ्यांचे रोल आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही ट्रॅममध्ये, म्हणजे रस्त्यावरून चालणाऱ्या उघड्या डब्यांच्या गाडीत, बसलो. २४ किलोमीटरचा वळसा, दोन तास, सोबत माहिती देणारी गाइड. ज्यांना जमेल त्यांनी सायकल घ्यावी. रस्त्याच्या कडेलाच ॲलिगेटर पडलेल्या असतात. पंधरा फूट अंतर राखायचं. मध्यावर मनोरा आहे. वर गेलं की चारी बाजूंना फक्त गवत, पाणी आणि थेंबाच्या आकाराची झाडांची बेटं. सगळ्या बेटांची शेपटी एकाच दिशेला. मामांनी ते आधी ओळखलं: पाणी जिकडे वाहतं तिकडे गाळ साचतो, म्हणून बेट तिकडे निमुळतं होत जातं.

गाइडनं पिसांच्या व्यापाराची गोष्ट सांगितली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बायकांच्या टोप्यांसाठी बगळ्यांची विणीच्या काळातली पिसं लागत; सोन्याच्या भावानं विकली जात. गाय ब्रॅडली नावाच्या रक्षकाला १९०५ मध्ये एका शिकाऱ्यानं गोळी घातली. आणि अजगराचीही सांगितली. पाळायला आणलेले बर्मी अजगर रानात सुटले आणि वाढले. २०१२ च्या अभ्यासात उद्यानाच्या दक्षिण भागात रकून आणि ओपॉसम हे छोटे सस्तन प्राणी ९८-९९ टक्क्यांनी कमी दिसल्याचं आढळलं. तिथे मी मध्येच मराठीत मामांना सांगितलं, की २०१७ साली हे अजगर पकडायला तमिळनाडूतून मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या इरुळा आदिवासी जमातीतल्या दोन सापपकड्यांना इथे बोलावलं होतं. यंत्रं, कुत्री सगळं वापरून झालेल्या लोकांना त्यांनी नुसत्या मागावरून आठ दिवसांत तेरा अजगर काढून दाखवले. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. मामांनी हे लगेच गाइडला सांगायला लावलं. तिला ते आधीच माहीत होतं, आणि तिनं सगळ्या ट्रॅमला पुन्हा सांगितलं.

परतताना मामांना कालव्यावरचे दरवाजे बघायचे होते. रस्त्याच्या उत्तरेला साठवलेलं पाणी उद्यानात सोडणारी चार बांधकामं आहेत, एस-१२ ए, बी, सी आणि डी. एकापाशी आम्ही गाडी थांबवली. मामांनी दरवाजे मोजले, पाणपातळीची पट्टी वाचली, खालच्या बाजूच्या फेसावरून विसर्गाचा अंदाज बांधला. मग गाइडनं सांगितलेलं मी त्यांना पुन्हा नीट सांगितलं: पश्चिमेकडच्या दोन बांधकामांचे दरवाजे कोरड्या दिवसांत बंद ठेवतात, कारण तिकडच्या खालच्या गवतात केप सेबलची चिमणी घरटं करते. घरटं जमिनीपासून वीतभरच वर असतं. पाणी सोडलं तर अंडी बुडतात.

"चिमणीसाठी गेट बंद?"

"हो."

"ऑपरेशन शेड्यूलमध्ये लिहिलेलं?"

"लिहिलेलं."

मामा कठड्याला टेकून उभे राहिले. "आम्ही पिकाच्या पाळीसाठी गेट चालवली, पुरासाठी चालवली, वरच्या धरणाशी भांडून चालवली. पक्ष्याच्या विणीचा रकाना आमच्या रजिस्टरला कधी नव्हता." त्यांनी बांधकामावरच्या पाटीचा फोटो काढला आणि खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांच्या गटावर तिथल्या तिथे पाठवला, खाली दोन ओळी लिहून. मायामीत शिरेपर्यंत त्यावर उत्तरं येत होती. कुणी विसर्ग विचारला, कुणी भरावाची उंची, एकानं विचारलं की उसाला पाणी कमी पडलं तर शेतकरी चिमणीचं ऐकतात का. मामा एकेकाला उत्तर देत होते आणि अडलं की मला विचारत होते. किसिमी नदी १९६० च्या दशकात सरळ करून कालवा केली आणि नंतर तिच्या काही भागाला पुन्हा वळणं देऊन नदी केली, ते काम २०२१ मध्ये पुरं झालं, हे सांगितल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढली. परतीच्या विमानाआधी ओकीचोबीचा बांध आणि किसिमी दोन्ही दाखवायचं मी कबूल केलंय.